डिकी उघडली पाहिजे

शाळेत तिला शिट्टीबाई म्हणत. तोंडावर नाही, तेवढी कोणाची छाती नव्हती. ती खेळाची शिक्षिका. मैदानाच्या एका टोकाला उभी राहिली की दुसऱ्या टोकाच्या मुलीच्या बुटाची सुटलेली नाडी तिला दिसायची, लगेच शिट्टी वाजायची आणि ती मुलगी जागच्या जागी थिजायची. जाड मुलींना ती मुद्दाम सगळ्यांच्या पुढे पळायला उभं करी, म्हणजे मागून येणारी प्रत्येक जण त्यांना ओलांडून जाईल आणि ते त्यांना कळेल. "लाज वाटली की पाय आपोआप उचलतात," असं ती शिक्षकांच्या खोलीत सांगायची. तिच्या मुली दर वर्षी ढाल जिंकून आणत, त्यामुळे मुख्याध्यापिकाही कानाडोळा करत.

घरी नवरा आणि दोन मुलं. नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. अबोल, मऊ माणूस. त्याला सायकल येत नव्हती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिने शिकवायला घेतलं होतं आणि तो सरळ काटेरी कुंपणात गेला होता. ही गोष्ट ती पाहुण्यांना सांगायची, तीही उभी राहून, त्याने हँडल कसं धरलं, डोळे कसे मिटले, ते सगळं करून दाखवत. पाहुणे पोट धरून हसायचे. तोही हसायचा आणि रिकामे कप उचलून आत न्यायचा.

सायकल हे तिचं खरं वेड. सुट्टीच्या दिवशी ती मुलांना घेऊन गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत जायची. थोरली लहान असताना एकदा उतारावर पडली आणि तिचा गुडघा फुटला. धाकटा तेव्हा आईच्या मागे कॅरियरवर बसलेला होता. हिने वळून पाहिलं. पोरगी रडतेय, पाय हलतोय, म्हणजे हाड मोडलेलं नाही, एवढी खात्री केली आणि पेडल मारलं. "मागे राहील त्याच्यासाठी कोणी थांबत नसतं," एवढं जाता जाता सांगितलं. थोरली सायकल हातात धरून लंगडत एकटी घरी पोहोचली तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. "आलीस? हातपाय धू," ही म्हणाली. त्यानंतर थोरली कितीही पडली तरी रडली नाही, आणि पोरगी कशी खमकी झाली म्हणून हिला तिचं कौतुक वाटायचं.

झटका आला तो मैदानावरच. कवायत चालू होती. तिने मुलींना सावधानमध्ये उभं केलं, पुढची शिट्टी फुंकायला गेली आणि शिट्टी ओठातून गळून पडली. मग ती स्वतः पडली. मुली रांगेत ताठ उभ्या होत्या. बाई उन्हात पडल्या आहेत हे सगळ्यांना दिसत होतं, पण शिट्टीशिवाय हलायचं नसतं हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की बराच वेळ कोणी पाऊल उचललं नाही. शेवटी कचरा गोळा करणाऱ्या बाईने आरडाओरडा केला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं.

उजवं अंग गेलं. बोलणं गेलं नाही, पण बिघडलं. जो शब्द हवा तो जिभेवर यायचाच नाही, त्याच्या शेजारचा यायचा. चमचा हवा असला की ती कंगवा म्हणायची. दार लावा म्हणायला जायची आणि दात लावा म्हणायची. धाकट्याला सुरुवातीला याचं रडू यायचं, नंतर हसू यायला लागलं. मित्र घरी आले की तो म्हणायचा, "आई, यांना काय देऊ प्यायला?" आणि ती चहा सोडून दुसरं काय म्हणते याची सगळे वाट बघत बसायचे. नवऱ्याला मात्र तिचं सगळं कळायचं. ती कंगवा म्हणाली की तो मुकाट्याने चमचा आणून द्यायचा.

असेच काही महिने गेले. दर आठवड्याला तिला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं असे. नवरा तिला उचलून पुढच्या सीटवर बसवायचा, व्हीलचेअर घडी घालून डिकीत टाकायचा आणि थोरली गाडी चालवायची. गाडीला तेवढंच काम उरलं होतं.

मग एका सकाळी थोरली म्हणाली, "गाडीला सायकलींचा रॅक घेऊ या. धरणाच्या बाजूला नवा रस्ता झालाय. सायकली गाडीवर टाकून तिथपर्यंत जायचं आणि मग पुढे चालवायची."

"किती सायकलींचा?" धाकट्याने विचारलं.

"तीन."

शिट्टीबाईने मनातल्या मनात मोजलं. थोरलीची एक, धाकट्याची एक आणि तिसरी तिची स्वतःची. व्यायाम करून घेणारा मुलगा तिला म्हणालाच होता, जिद्द सोडू नका, पुढेमागे काहीही होऊ शकतं. म्हणजे घरच्यांनीही तिला अजून मोडीत काढलं नव्हतं. तिने डावा हात वर करून "मी पण" असं म्हटलं. ते दोन शब्द बिनचूक आले. रॅक निवडायला मी पण येणार, असं तिला म्हणायचं होतं.

"कशाला उगाच," थोरली म्हणाली. पण नवऱ्याने व्हीलचेअर डिकीत टाकलेली होती.

दुकान लांबलचक होतं. सायकली छताला टांगलेल्या होत्या आणि आत नव्या रबराचा वास भरलेला होता. दुकानदार गोल पोटाचा, बोलका माणूस. त्याने काचेतून बाहेर उभी गाडी पाहून घेतली आणि विचारलं, "सायकली कशा आहेत? दांडा सरळ का तिरका?"

"दोन सरळ दांड्याच्या," थोरली म्हणाली. "तिसरी लेडीज."

"तुमची?"

"नाही, आईची. पण चालवतात बाबा."

नवरा एका हेल्मेटची किंमत वाचू लागला. शिट्टीबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. मग तिला आठवलं की परसातल्या भिंतीला टेकवलेल्या तिच्या सायकलीची सीट हल्ली वर काढलेली दिसायची. धाकट्याने खेळताना काढली असेल असं तिला वाटलं होतं. आणि दर रविवारी दुपारी नवऱ्याचं दुकानात काम निघायचं. चष्म्याचं दुकान रविवारी बंद असतं हे तिच्या ध्यानात कसं आलं नव्हतं?

"मग तिला वेगळा आडवा दांडा लावावा लागेल, म्हणजे रॅकवर बसेल," दुकानदार म्हणाला. त्याला या घरातलं काय कळणार? त्याने एकेक रॅक दाखवायला घेतला. "हा छतावरचा. डिकी मोकळी राहते, पण प्रत्येक सायकल डोक्यावर उचलून वर चढवायला लागते."

"मी उचलेन की," धाकटा म्हणाला.

"तू पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाणार. मग कोण उचलेल? बाबांचा खांदा दुखतो," थोरली म्हणाली.

खांदा कशाने दुखतो हे दुकानात कोणी बोललं नाही. बायकोला दिवसातून कितीदा तरी उचलून तो दुखत होता.

"मग हा बघा. गाडीखाली हूक बसवायचा आणि त्यावर हा. इथे पायाने दाबलं की अख्खा रॅक सायकलींसकट मागे कलतो. डिकी आरामात उघडते."

"हा चांगला आहे," नवरा म्हणाला. आल्यापासूनचे त्याचे हे पहिले शब्द होते.

"पण तुमच्या गाडीचं मॉडेल जुनं आहे. हूक मागवावा लागेल. महिना-दीड महिना तरी धरा. घाई असेल तर हा पट्ट्यांचा घ्या, आत्ता लावून देतो. मागून डिकीवर टेकतो आणि पट्टे वर, खाली, बाजूला अडकवायचे. फक्त रॅक लावलेला असेल तोवर डिकी उघडता येत नाही." दुकानदाराने थोरलीकडे पाहिलं. "डिकीत काही न्यायचं असतं का तुम्हाला?"

शिट्टीबाई त्याच्या पुढ्यात व्हीलचेअरमध्ये बसली होती.

"नाही," थोरली म्हणाली. "डबे काय, मागच्या सीटवर ठेवू."

शिट्टीबाईने सगळा जीव गोळा केला. वाक्य तिच्या डोक्यात स्वच्छ होतं. डिकी उघडली पाहिजे. तीनच शब्द.

"खिडकी," ती म्हणाली. "खिडकी उघडली पाहिजे."

दुकानदार गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, "काकू, खिडक्या चारही उघडतात. खिडक्यांचा काही प्रश्न नाही."

"आईला खिडकीत बसायचंय," धाकटा म्हणाला आणि खुदकन हसला.

तिने डावा पाय आपटला. "मागची. मागची खिडकी."

"मागच्या काचेला रबर टेकतं काकू, ओरखडा पडणार नाही. मी गॅरंटी देतो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत तिला ते स्पष्ट दिसलं. कंगव्याचा चमचा करणाऱ्या माणसाला हे कळणार नाही असं होणारच नव्हतं. त्याने नजर काढून घेतली आणि दुकानदाराला विचारलं, "याचे पट्टे उन्हाने विरत नाहीत ना?"

पट्ट्यांचा रॅक घेतला. त्या दिवशी तो खोक्यातून मागच्या सीटवर आला, कारण डिकीत व्हीलचेअर होती.

दुपारी नवरा नेहमीसारखा तिच्या उजव्या हाताला तेल चोळत बसला. एकेक बोट सरळ करायचं, दाबायचं, सोडायचं. तिने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग तो हाताकडेच बघत म्हणाला, "पहिल्यांदा नुसती पुसायला काढली होती गं. गंज चढत होता. मग सहज बसून पाहिलं." त्याने तळव्यावर अजून थोडं तेल घेतलं. "आली मला. तू समोर नव्हतीस म्हणून आली. तू बघत असलीस की माझा तोल जातो. तुला तिथे नेऊन झाडाखाली बसवायचं आणि तू बघत राहणार, मला नाही जमायचं ते."

इतक्या वर्षांच्या संसारात तो तिला कधी इतकं बोलला नव्हता. तिने त्याच्या हातातून हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. पण तो उजवा होता. तो त्याच्या हातातच राहिला आणि त्याने पुढचं बोट चोळायला घेतलं.

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात गाडीला रॅक चढवला. तिच्यासाठी ठेवलेली सांभाळणारी बाई त्या दिवशी लवकर आली होती. तिने शिट्टीबाईला पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणून बसवलं आणि ती आत भांडी घासायला गेली. बाहेर तिघांची नुसती धांदल. धाकटा माहितीपत्रक वाचून दाखवत होता, थोरली वरचे हूक अडकवत होती आणि नवरा खाली वाकून पट्टे ओढत होता. एक एक करत तिन्ही सायकली चढल्या. थोरलीची आत, मग धाकट्याची, आणि सगळ्यांत बाहेर शिट्टीबाईची.

खालचा डावीकडचा हूक चुकला होता. तो डिकीच्या झाकणाच्या पत्र्याला अडकवायचा, तो नवऱ्याने बंपरच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला अडकवला होता. शिवाय तिथला पट्टा पीळ खाऊन बकलात गेला होता. शाळेच्या टेंपोवर गाद्या आणि उंच उड्यांचे खांब बांधण्यात तिचा जन्म गेला होता. पीळ पडलेला पट्टा आधी घट्ट वाटतो आणि रस्त्यावर गचके बसले की हळूहळू सुटतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. पट्टा सुटला की बाहेरची सायकल पहिल्यांदा जाणार. मागून येणाऱ्याच्या अंगावर जाणार. कदाचित तिन्ही जातील.

काचेवर डाव्या हाताने टकटक केलं असतं तर ऐकू गेलं असतं. शब्दांची गरजच नव्हती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

तिने हात मांडीवर ठेवला.

नवऱ्याने हात झटकले, वर पाहिलं आणि तिला हात केला. त्याच्या डोक्यावर नवं हेल्मेट होतं. गाडीत बसायच्या आधीच घातलेलं. थोरली गाडीत बसता बसता थांबली आणि तिनेही खिडकीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग गाडी गेली.

पहिला तासभर शिट्टीबाईला बरं वाटलं. अंगात कितीतरी महिन्यांत नव्हती ती ऊब आली. तिने सांभाळणाऱ्या बाईकडून पोटभर खाऊन घेतलं. नवरा रस्त्याच्या कडेला उभा आहे, वाकडी झालेली सायकल हातात आहे, लोक बघताहेत, असं चित्र ती पुन्हा पुन्हा बघत होती. मग त्या चित्रात एक मोटरसायकल आली. मोटरसायकलच्या मागे एक बाई बसलेली होती, बाईच्या मांडीवर मूल होतं. तिने ते मूल पुसून टाकायचा प्रयत्न केला, पण ते जाईना. मग गाडी रस्त्यात थांबलेली, आणि पट्टा बघायला धाकटा मागे उतरलेला, आणि मागून ट्रक.

"फोन," असं तिला म्हणायचं होतं. हा शब्दही चुकला. ती फूल म्हणाली. सांभाळणाऱ्या बाईने फुलदाणी आणून पुढ्यात ठेवली. तिने ती डाव्या हाताने ढकलून दिली. काचा आणि पाणी फरशीभर झालं. "असं करायचं नाही हं," बाई म्हणाली आणि शिक्षा म्हणून तिची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. लहान मुलांना ठेवतात तशी. शिट्टीबाईला भिंतीवरच्या रंगाचे पोपडे दिसत राहिले. दुपार तशीच गेली. बाईने तिला जेवण भरवलं तेही तिथेच.

उन्हं कलल्यावर फाटक वाजलं. हसण्याचा आवाज आला. तिघं आत आली तेव्हा नवऱ्याचं नाक उन्हाने लाल झालं होतं. तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि भडाभडा बोलत सुटला. धरणाचं पाणी किती निळं होतं, शेवटचा चढ त्याने न उतरता कसा काढला, एक म्हातारा शेजारून सायकलवर चालला होता त्याने कसा अंगठा दाखवला. "अगं, आणि पट्टा मी चुकवलाच होता. धाकट्याने पंपावर हवा भरताना पाहिलं. मग पुन्हा नीट बांधून घेतला. काही झालं नाही." तो इतका आनंदात होता की तिची खुर्ची भिंतीकडे का आहे हेही त्याने विचारलं नाही. ती रडायला लागली. त्याला वाटलं, त्याचं कौतुक वाटून रडतेय. त्याचेही डोळे भरून आले.

थोरली दारात उभी राहून बूट काढत होती. बाबा आंघोळीला गेले, धाकटा फोनवर बोलायला गच्चीत गेला, तशी ती आत आली. तिने आईची खुर्ची वळवली आणि समोर बसली.

"तुला दिसलं होतं ना?"

शिट्टीबाईने मान खाली घातली.

"मैदानाच्या त्या टोकाची नाडी दिसायची तुला. इथून तिथवर हूक दिसला नसेल होय?" तिच्या आवाजात राग नव्हता. गणित सुटल्यावर असतो तसा आवाज होता. "मी जाताना बघितलं तुझ्याकडे. तुझं तोंड मला माहितीये. मी पडले तेव्हा असंच होतं."

"हो," शिट्टीबाई म्हणाली. हा शब्द मात्र पहिल्याच झटक्यात आला.

"बाबांना सांगणार नाही मी. त्यांना झोप लागणार नाही." थोरली उठली. "आणि हेही सांगून ठेवते. हुकाचा रॅक मागवला असता तर महिनाभर थांबायला लागलं असतं, बस. मला थांबता आलं असतं. मला थांबायचं नव्हतं."

पुढे रॅक गाडीवरून निघालाच नाही. दर वेळी काढा आणि घाला, कोण करणार? दवाखान्यात न्यायला आधी भाड्याची गाडी यायची, मग व्यायाम करून घेणारा मुलगा आठवड्याआड घरीच येऊ लागला, आणि मग तिला बाहेर नेण्याचं तसं कारणच उरलं नाही. नवऱ्याचा खांदा थोडा बरा झाला. सायकलमुळे त्याची तब्येतही सुधारली. शेजारीपाजारी म्हणायचे, बायकोच्या आजारपणातही माणूस किती ताठ राहिलाय.

दर रविवारी सकाळी मात्र थोरली तिला अंगणात आणते. सायकली चढवून झाल्या की ती व्हीलचेअर गाडीच्या मागे बंपरला भिडेल इतकी पुढे ढकलते आणि ब्रेक लावते. "बघ," म्हणते. पहिल्या रविवारी शिट्टीबाईने तोंड फिरवलं. थोरली पायरीवर जाऊन बसली, तिने सगळ्यांना थांबवून ठेवलं आणि आईला तिथेच ऊन चढेपर्यंत राहू दिलं. नवरा दोनदा पुढे आला, दोनदा तिने त्याला परत पाठवला. "आईला तपासायचंय बाबा. तिला काम हवंय." त्याला ते खरंच वाटलं. त्याला फार बरं वाटलं.

शेवटी शिट्टीबाईचा डावा हात वर गेला. तिने वरचे हूक चाचपले, बाजूचे चाचपले. खालचा डावा पट्टा दोन बोटांत धरून ओढून पाहिला. सकाळी पुन्हा आवळताना एका बकलात पीळ पडला होता. तिने तिथे बोट ठेवलं आणि ते उचललं नाही. थोरली उठली, तिने पट्टा सोडवला, सरळ केला, पुन्हा ओवला आणि आईच्या हातात दिला. शिट्टीबाईने दात-ओठ खाऊन तो ओढला.

"झालं?" थोरलीने विचारलं.

तिने मान हलवली. थोरलीने ब्रेक काढला, खुर्ची मागे घेऊन भिंतीच्या सावलीत लावली आणि गाडी सुरू केली. मागच्या काचेवर तीन सायकली आडव्या होत्या, त्यामुळे आत कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. फाटकाबाहेरच्या गचक्याला सायकली एकदा हलल्या आणि घट्ट राहिल्या. सांभाळणारी बाई आतून हात पुसत आली आणि म्हणाली, "चला, आत."